बोरगट्टीचा चरगा

१ डिसेंबर १९७५, सोलापूर

सकाळच्या गाडीने उतरलो आणि पहिल्या तासातच हे शहर आवडले. स्टेशनाबाहेर टांगेवाला दख्खनीत भांडत होता, गिऱ्हाईक मराठीत उत्तर देत होते आणि मध्ये पडलेला विणकर दोघांनाही तेलुगूत समजावत होता. तिघांनाही एकमेकांचे सगळे कळत होते. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाऊन खोलीवर आलो. खिडकीखाली मागांची खटखट चालू आहे. ज्या गावाला असा ठेका आहे, तिथे बोलायला मजा येईल.

गेली बरीच वर्षे मी नशाबंदीवर बोलत फिरतो आहे. बहिणीचा संसार चिलमीच्या धुरात विरताना पाहिला, तेव्हापासून. चिलमीतून देव दिसतो म्हणणाऱ्या बुवांना मी भर सभेत विचारले आहे, की मग घरातले उपाशी पोर का दिसत नाही? पण भाषणाने माणूस बदलतो, शेत बदलत नाही. म्हणून गांजा हटवण्याच्या या सरकारी योजनेचा प्रचारक व्हा असे बोलावणे आले, तेव्हा एका दिवसात होकार दिला.

दुपारी डॉ. नाडगौडांनी होटगी रस्त्यावरची शेड दाखवली. हे योजनेचे शास्त्रज्ञ. माझ्याहून तरुण, बोलणे मोजके, हसणे त्याहून मोजके. शेडमध्ये मांडण्यांवर पराती, परातींत उकडलेली ज्वारी आणि ज्वारीवर पिंजलेल्या कापसासारखी फिकट गुलाबी बुरशी. हिचे वाण परदेशातून आणले. मातीत टाकली, की ती मुळातून गांजाच्या झाडात चढते आणि झाडाच्या आतल्या पाण्याच्या वाटा बुजवते. झाड उभ्या उभ्या वाळते. शेजारच्या पिकाचे काय, असे मी विचारले. ते म्हणाले, हिला फक्त गांजा कळतो.

मी मूठभर ज्वारी उचलून हुंगली. जुन्या गुळासारखा वास. डॉक्टर म्हणाले, हात धुवा.

लाठी नाही, तुरुंग नाही, लाच घेणारा शिपाई नाही. जमीनच न्याय करणार! आज शांत झोप लागेल.

९ डिसेंबर, बोरगट्टी

अक्कलकोटच्या खाली, सरहद्दीला टेकलेले हे गाव. माणसे वाक्य मराठीत सुरू करतात आणि कानडीत संपवतात. माझी सोय दानम्मांच्या ओसरीवर झाली आहे. पन्नाशीच्या, विधवा, कपाळावर भस्माचे पट्टे, जीभ कोयत्यासारखी. त्यांची तूर आणि शाळू गावात नावाजलेला. गांजाचे एक रोपही त्यांच्या रानात नाही. मी त्यांना अक्का म्हणू लागलो, तर म्हणाल्या, अक्का म्हना न्हायतर अव्वा म्हना, पन ताटात भाकरी टाकायची न्हाय.

गांजा आहे तो शेजारच्या बिरप्पाच्या आणि इतर पुष्कळांच्या तुरीत. तुरीच्या दोन ओळींत एक ओळ गांजाची. दुरून काही कळत नाही. जवळ गेले, की वासाने डोके उठते.

काल चावडीसमोरच्या कट्ट्यावर सभा घेतली. योजना सांगितली: पोत्यांतली ज्वारी शेतकऱ्याने आपल्या हाताने रानात टाकायची, जो टाकील त्याच्यावर खटला नाही. बिरप्पा उठला. चाळिशीचा, गालात हसणारा माणूस. म्हणाला, मास्तर, समदं बेस हाय. पन ह्या बुरशीला वाचता येतं का? न्हाय, माज्या रानात तूर कुटली आन् गांजा कुटला, ही पाटी कुनी लावायची? सभा खो खो हसली.

मी चिडलो. चिडलो, की मला भाषा सुचते. मी म्हणालो, ज्याने दुसऱ्याच्या लेकरांच्या ताटात विष वाढले, त्याने विषाला नियम विचारू नयेत. हसणे थांबले. पुढे मी तासभर बोललो. शेवटी टाळ्या पडल्या. बिरप्पानेही वाजवल्या. जाताना म्हणाला, मास्तर, तुमी माजी म्हस इकायला चला, दुप्पट भाव येईल.

२० डिसेंबर

टाळ्या पडल्या, पोती हलली नाहीत. चावडीत थप्पी तशीच आहे. पुढे व्हायला कोणी तयार नाही. जो ज्वारी उचलील, तो आपल्या रानात गांजा असल्याचे गावासमोर कबूल करील! साधी गोष्ट, पण मुंबईत बसून योजना लिहिणाऱ्यांना सुचलेली नाही.

आज डॉ. नाडगौडा जीपने आले. म्हणाले, संक्रांतीच्या आत टाकणे झाले नाही, तर पोलीस उभे रान कापतील, तूर असो की गांजा. मी म्हणालो, मला थोडा वेळ द्या.

संध्याकाळी दानम्मा भाकरी थापताना वेळ अमावास्येचे सांगत होत्या. त्या दिवशी सारे गाव रानात जाते. कडब्याची कोप उभारून लक्ष्मी मांडायची, आंबील आणि भज्जीचा, म्हणजे डाळी-पालेभाज्यांच्या मिसळ भाजीचा, नैवेद्य दाखवायचा. मग चरगा शिंपायचा, म्हणजे नैवेद्याचे अन्न टोपल्यात घेऊन रानभर फिरत मूठ मूठ उधळायचे. मागून दुसऱ्याने हाळी द्यायची. एक कोपरा सुटता कामा नये. बांध, विहिरीचा काठ, पडीक तुकडासुद्धा. भुई पोटुशी असते, तिला उपाशी ठेवू नये. उरलेला चरगा घरी आणून कणगीतल्या ज्वारीत मिसळायचा, म्हणजे वर्षभर दाणा पुरतो.

मी ताटावरून उठलोच. सगळे गाव एकाच दिवशी आपल्या हाताने रानात ज्वारी उधळणार! कोणी कोणाकडे बोट दाखवणार नाही, कारण प्रत्येकाच्या टोपल्यात तेच असेल. मात्र सुरुवात दानम्मांनी केली पाहिजे. त्यांचे रान स्वच्छ. त्यांनी घेतले, तर कोणाची मान खाली जाणार नाही.

त्या म्हणाल्या, चरगा म्हंजे घास असतो, औषीद न्हवं. मी म्हणालो, आई आजारी असली तर घासातूनच औषध देतात ना? त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाल्या, तुमी बोलाय लागला की व्हय म्हनावंच लागतंय की.

१ जानेवारी १९७६

वेळ अमावास्या. आयुष्यात असा दिवस पाहिला नव्हता. गाड्या सजलेल्या, बायकांच्या डोक्यांवर आंबिलीची मडकी, रानोरान कोपी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भज्जी, आंबील. मी पोट फुटेपर्यंत जेवलो.

मग चरगा. चावडीतली सगळी पोती आदल्या दिवशीच वाटून संपली होती. नैवेद्यात गुलाबी ज्वारी कालवली गेली. दानम्मांच्या घरात पुरुष नाही, म्हणून त्यांच्या रानात टोपले मी घेतले. मी पुढे, मूठ मूठ उधळत. मागे बिरप्पा कानडीत हाळी देत. तुरीत टाकली, शाळवात टाकली, हरभऱ्यात टाकली, विहिरीच्या काठावर टाकली. एक कोपरा सोडला नाही. दानम्मा बांधावरून ओरडून सुटलेली जागा दाखवत होत्या आणि मी हसत धावत होतो.

उरलेला चरगा त्यांनी रीतीप्रमाणे कणगीत मिसळला. योजनेत हे नव्हते. पण आनंदाच्या दिवशी कोण आडवे बोलतो!

११ जानेवारी

गांजा माना टाकतो आहे!

सकाळी बिरप्पाच्या रानात एक झाड उपटून चिरले. आत तपकिरी रेघ, मुळापासून शेंड्यापर्यंत. जिंकलो. बिरप्पा बांधावर बसून तंबाखू मळत होता. म्हणाला, मास्तर, गांजा मेला, आता तुमाला भाषनाला काय ऱ्हायलं?

डॉ. नाडगौडा फोटो काढून गेले. पहिल्यांदा मनापासून हसताना पाहिले. येताना टेपरेकॉर्डर आणला होता. बोरगट्टीची युक्ती त्यांना फार आवडली आहे. पुढचा माल टेंभुर्णीला, मग नातेपुत्याला. तिकडे वेळ अमावास्या नाही, पण माझे भाषण आहे. जीपवर भोंगा लावून ते गावोगाव वाजवणार. कट्ट्यावर उभा राहून बोललो. मध्ये दोनदा खोकला आला, तेवढा भाग पुन्हा घेतला.

१६ जानेवारी

दानम्मांच्या तुरीला लागले.

आधी वाटले, पाणी कमी पडले. पण पाने हिरवी असतानाच खाली लोंबत आहेत. झाड चिरले. तीच तपकिरी रेघ. हरभरा जागजागी पिवळा. शाळवाची धाटे जमिनीलगत गुलाबी झाली आहेत आणि बोटाने दाबली की मऊ लागतात.

ओळी मी पाहत गेलो. ज्या वाटेने मी टोपले घेऊन चाललो होतो, बरोबर त्या वाटेने मरण चालले आहे. विहिरीचा काठ धरून वळते, मी वळलो तिथे.  दानम्मांनी एक झाड उपटून माझ्या हातात दिले आणि घरी गेल्या.

१८ जानेवारी, सोलापूर

नाडगौडांपुढे ती झाडे आपटली. ते म्हणाले, तुरीला मर रोग पूर्वीपासूनच असतो, हा योगायोग आहे. मी म्हणालो, मर शाळवाला लागते का? हरभऱ्याला एकाच दिवशी लागते का? मग म्हणाले, प्रत्येक जमिनीत तपासायला वर्षे गेली असती. वरून घाई होती. म्हणाले, ही बुरशी मातीत आपले गुण बदलू शकते, पण ती शक्यता फार थोडी धरली होती.

धरली होती! म्हणजे माहीत होते. गांजा कळतो म्हणणाऱ्याला माहीत होते, की तिला काहीच कळत नाही. तिला फक्त मूळ कळते.

विचारले, आता ती मातीतून काढायची कशी? त्यांनी काचेचा गोळा उचलून दुसऱ्या कागदावर ठेवला. म्हणाले, काढता येत नाही. आणि शांतपणे पुढे म्हणाले, सध्या आणीबाणी आहे, अफवा पसरवणारे मिसाखाली आत जातात.

एका वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. संपादक मला ओळखतात, चहा पाजला. म्हणाले, सेन्सॉर हे छापू देणार नाही.

ज्या देशात खरे छापायची बंदी आहे आणि विष उधळायला अनुदान आहे, त्या देशात मी गांजाला नशा म्हणत होतो!

खूप ओरडलो आज. घसा सोलून निघाला आहे.

२० जानेवारी, बोरगट्टी

भाकरी कडू लागत होती. तीन-चार दिवसांपासून. कोणी बोलले नव्हते.

आज कणगी उघडली. दाण्यात हात घातला आणि ओढून काढला. आत गरम होते. निवत आलेल्या चुलीइतके. वरचा थर बाजूला केला, तर खाली दाणे सुटे नाहीत. सगळी ज्वारी एकमेकींना धरून एकच गोळा झाली आहे, गुलाबी, लोकरीसारखी. आणि तो वास. जुना गूळ.

याच ज्वारीच्या भाकऱ्या. दानम्मांच्या हिरड्यांतून रक्त येते. घरोघरी तोंडे आली आहेत. घरोघरी कणग्या. सगळ्यांनी रीत पाळली.

मी पाहिले होते त्यांना मिसळताना. गप्प बसलो. गप्प बसणे मला कधीच जमले नव्हते आणि नेमके तेव्हा जमले.

२२ जानेवारी

काल वाळलेली तूर उपटताना काडी दानम्मांच्या डोळ्याला लागली. साधा ओरखडा. आज बुबुळावर पांढरा ठिपका. ठिपक्याच्या कडा पिसासारख्या.

बिरप्पाने आपले रान पेटवले. सगळे जळले. राख वाऱ्याने गेली. पाट सोडून माती भिजवली, तर सकाळी ढेकळांवर गुलाबी लव.

तो हसत नाही आता. आज फक्त म्हणाला, मास्तर, गांजा पिकवत होतो, तवा पेरायला जमीन तरी होती.

२३ जानेवारी, सोलापूर

दानम्मांना सरकारी दवाखान्यात आणले. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, बुरशी डोळ्यात उतरली आहे. माझ्याकडे यावर औषध नाही. डोळा काढावा लागेल, नाहीतर मागे मेंदूत जाईल.

तिथून शेडवर गेलो. दारात ट्रक. पोती चढवत होते. टेंभुर्णी. सव्वीस तारखेला, झेंडावंदनाला लोक जमतील तेव्हा वाटणार. आडवा झोपलो ट्रकपुढे. हमालांनी हातापायांना धरून बाजूला ठेवले. नाडगौडा खिडकीत होते. त्यांना ऐकू जावे म्हणून सगळा जीव एकवटून हाक मारली —

आवाज आला नाही. नुसती हवा.

२४ जानेवारी

आरसा घेतला. उजेडात तोंड उघडले.

जिभेच्या मागे. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना. पिंजलेला कापूस.

सुपारीच्या अडकित्त्याने खरवडले. रक्त आले. दुपारपर्यंत पुन्हा —

वास मला बाहेरून येतो असे वाटत होते.

२५ जानेवारी

दानम्मांचा डोळा काढला. पट्टीखालून एका डोळ्याने पाहिले माझ्याकडे. मी हात जोडले. बोलता येत नाही हे खुणेने सांगितले.

त्या म्हणाल्या, रडू नगा. माजं रान गेलं. डोळा गेला. टेंभुर्णीची रानं अजून हायत न्हवं? जावा. तुमच्या तोंडानं आनलं, तुमीच परत न्या.

मी तोंड उघडून दाखवले.  त्यांनी तोंड फिरवले. भिंतीकडे.

उद्या पहिली एसटी. बोलता येत नाही, लिहिता येते. वहीची पाने फाडून मोठ्या अक्षरांत लिहिली आहेत. पेरू नका.

२६ जानेवारी, टेंभुर्णी

स्टँडासमोर झेंडा. शाळेची मुले, फेटे, बायका. पोत्यांची थप्पी. जीपवर भोंगा.

भोंग्यातून मी बोलतो आहे.

काय बोलतो! एक शब्द पडत नाही. लोक मान डोलावत आहेत. आईला घासातून औषध, हेही आहे त्यात.  त्या आवाजाच्या घशात काही नाही. तो स्वच्छ आहे. तो थकणार नाही.

कागद धरला लोकांपुढे. एका म्हाताऱ्याने उलटा धरला. एकाने वाचला, विचारले, ह्यो कुनाचा हुकूम? सही कुटं हाय? दुसरा म्हणाला, सोड रं, मुका हाय बिचारा, चार दाने दे त्याला बी. मी छातीवर हात मारला, भोंग्याकडे बोट केले. मी — तो मी — ते हसले. मुकं म्हनतंय, भाषन त्येचं हाय!

मौलाली, जीपचा ड्रायव्हर, ओळखतो मला. त्याच्याकडे धावलो. दोन्ही हात वर करून खूण केली, थांबव, बंद कर. तो हसून म्हणाला, हौ मास्तर, तुमाराच आवाज है, पूरे गाव कू सुनाते.

त्याने आवाज वाढवला.

थप्पीवर चढून बसलो आहे. ढकलत आहेत. पोलीस येतो आहे. लिहितो — जितके होईल तितके. खालची पोती गरम आहेत. धोतरातून लागते. टोपली घेऊन बायका रांगेत. पहिलीच्या कडेवर पोर, त्याने मूठ भरून —

तोंडात नको! काढ ते —

ऐकत नाही. कोणी ऐकत नाही. भोंगा बोलतो आहे. घसा भरत आला, श्वास बारीक — खोकला आला की लोक माझ्यापासून दूर होण्याऐवजी पाठीवर हात फिरवायला जवळ येतात — नको — जवळ नको —

जो कोणी ही वही उचलील त्याने मोठ्याने वाचावे. चौकात. आपल्या आवाजात. हे धान्य नाही. हा न्याय नाही. ज्यांनी हे आणले त्यांना ठाऊक होते. मीही विचारले होते आणि एका वाक्यावर गप्प झालो. तुम्ही होऊ नका. पोते शिवलेले असेल तर शिवण उसवू नका, उसवली असेल तर मूठ भरू नका, आणि मूठ भरली असेल तर उघडण्याआधी